स्मरणिकेचं पान लावताना आधी ओळ, मग ग्रिड

तुमचा प्रश्न आणि सोबतची नमुना पानं पाहिली. प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयाची शताब्दी स्मरणिका आहे. आकार क्राउन १/४, म्हणजे कापून सव्वासात बाय साडेनऊ इंच. आतली पानं ९६, कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा, बिनचकाकीचा; बाइंडिंग परफेक्ट, म्हणजे पाठीला डिंक लावून. काम इनडिझाईन या पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड फाँटवर चाललं आहे. शेजारच्या दोन कॉलमच्या ओळी समोरासमोर येत नाहीत, फोटो कुठेही ठेवला तरी उपरा वाटतो, जाहिराती हव्या त्या मापाच्या येताहेत आणि सगळं पान गच्च दिसतं. मग ग्रिड, म्हणजे पान आखायची अदृश्य चौकट, किती कॉलमचं घ्यावं?

किती कॉलम हे नंतर ठरतं. सुरुवात मजकुराच्या एका ओळीच्या उंचीपासून करायची. बहुतेक जण पानाच्या कडेपासून आत येतात: चारी बाजूंनी अर्धा इंच मार्जिन सोडतात, उरलेल्या जागेचे दोन भाग करतात आणि मग त्यात मजकूर ओततात. त्यामुळे खाली कुठेतरी पाऊण ओळ उरते, फोटो दोन ओळींच्या मधोमध संपतो आणि ती पाऊण ओळ लपवण्यासाठी पानोपानी वेगवेगळी ओढाताण करावी लागते. ओळ पक्की असेल, तर फोटोची उंची, शीर्षकाखालची जागा, जाहिरातीचं माप ही सगळी तिच्याच पटीत येतात आणि पान आपोआप एका मापात बसतं.

ओळीची उंची

लीडिंग म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. इनडिझाईनचं ऑटो लीडिंग अक्षराच्या मापाच्या १२० टक्के असतं. हा हिशोब रोमन लिपीसाठी आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि अक्षराखाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. साडेअकरा पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग) मजकुराला ऑटो लीडिंग १३.८ पॉइंट मिळतं. तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. मराठी मजकुराला साधारण १३५ ते १५० टक्के लीडिंग लागतं. नेमका आकडा फाँटवर अवलंबून असतो, कारण काही फाँटची अक्षरं त्याच पॉइंटात मोठी दिसतात आणि मात्रा उंच जातात.

अंदाजाने ठरवू नका, दोन ओळींची चाचणी घ्या. वरच्या ओळीत ‘सद्गुरू, शत्रू, हृदय, कृष्णा’ टाइप करा आणि तिच्या बरोबर खाली ‘विद्यार्थ्यांची, कीर्ती, सर्वांगीण’. उकाराचं टोक आणि रफाराचा वळसा यांच्यात कागदावर स्पष्ट पांढरी फट दिसली पाहिजे. चाचणी स्क्रीनवर पाहून भागत नाही. प्रिंट काढा, कारण मॅपलिथोवर शाई थोडी पसरते आणि स्क्रीनवरची बारीक फट छापताना मिटते.

या स्मरणिकेसाठी ११.५ पॉइंट अक्षर आणि १६ पॉइंट लीडिंग धरू. पुढचे सगळे आकडे या १६वर उभे आहेत. तुमच्या फाँटला १७ लागले, तर रीत तीच, आकडे बदलतील. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम असेल तर अक्षर त्याच पॉइंटात लहान दिसतं. तिथे १४ किंवा १५ पॉइंट घ्यावे लागतात आणि टक्केवारीचा हिशोबही पुन्हा चाचणीनेच लावावा लागतो.

लीडिंग प्रत्येक स्टाइलमध्ये (मजकुराच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) आकड्यात लिहा, ऑटोवर ठेवू नका. ऑटोवर असताना ओळीत एखादं अक्षर किंवा चिन्ह मोठ्या पॉइंटात राहिलं, तर तेवढी एकच ओळ खाली सरकते आणि पुढची सगळी घडी विस्कटते.

पानाचा हिशोब

सव्वासात बाय साडेनऊ इंच म्हणजे ५२२ बाय ६८४ पॉइंट. या कामापुरतं इनडिझाईनमधलं माप पॉइंटात ठेवा. मिलिमीटरमध्ये ठेवलंत तर प्रत्येक आकड्याला दशांशाचं शेपूट येतं.

उभ्या बाजूने ३५ ओळी घ्या. ३५ × १६ = ५६०. उरतात १२४ पॉइंट, त्यातले वर ५२ आणि खाली ७२. ३५च का? ग्रिडच्या आडव्या पट्ट्या करताना दोन पट्ट्यांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी लागते. म्हणून ओळींच्या संख्येत एक मिळवून जो आकडा येतो, त्याला पट्ट्यांच्या संख्येने भाग गेला पाहिजे. ३५ अधिक १ म्हणजे ३६, आणि ३६ला २, ३, ४, ६ या सगळ्यांनी भाग जातो. दोन पट्ट्या केल्या तर प्रत्येकी १७ ओळी, तीन केल्या तर ११, चार केल्या तर ८ आणि सहा केल्या तर ५. मधल्या मोकळ्या ओळी धरून प्रत्येक वेळी बेरीज बरोबर ३५ येते. ३४ किंवा ३६ ओळी घेतल्या तर ही सोय जाते. ३६ अधिक १ म्हणजे ३७, आणि ३७ला कशानेच भाग जात नाही. पान लावणाऱ्याला पुढे जी मोकळीक लागते ती या एका आकड्यात आहे. एखादी ओळ जास्त बसवण्याच्या मोहात ती घालवू नका.

आडव्या बाजूने आतलं मार्जिन ५४ पॉइंट, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि बाहेरचं ४२. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठ घासून डिंक लावतात, त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या बाजूचे पाच-सहा मिलिमीटर दिसेनासे होतात. आत १२ मिलिमीटर ठेवले, तर वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. ५२२मधून ५४ आणि ४२ वजा केले की उरतात ४२६.

या ४२६चे सहा कॉलम करा, दोन कॉलममधलं गटर, म्हणजे मोकळी जागा, १८ पॉइंट. पाच गटर म्हणजे ९०, उरले ३३६, म्हणून प्रत्येक कॉलम ५६ पॉइंटांचा. सहा कॉलममध्ये मजकूर ओतायचा नाही, ती फक्त मोजपट्टी आहे. तीन-तीन जोडले की मजकुराचे २०४ पॉइंटांचे दोन कॉलम मिळतात. दोन-दोन जोडले की १३०चे तीन. नुसतं दोन कॉलमचं ग्रिड घेतलंत तर फोटोला अर्धं पान किंवा पूर्ण पान एवढ्याच रुंदी उरतात आणि तिसऱ्या-चौथ्या पानापासून सगळं एकसारखं दिसू लागतं.

२०४ पॉइंटांत साधारण सहा-सात शब्द बसतात. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि आपण ओळीच्या शेवटी शब्द तोडत नाही, म्हणून अरुंद कॉलम दोन्ही बाजूंनी सरळ (जस्टिफाय) केला की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. ‘सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या’ एवढंच १३० पॉइंटांच्या कॉलममध्ये टाकून पाहा, लगेच कळेल. ओळीत सहा शब्द बसत असतील तर जस्टिफाय करा. त्याहून कमी बसत असतील तर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं ठेवा. म्हणून १३०चे कॉलम आठवणी, चौकटी, सभासदांची मनोगतं अशा छोट्या मजकुराला ठीक, लेखाला नाहीत.

जस्टिफिकेशनमध्ये शब्दांमधलं अंतर किमान ८५, अपेक्षित १००, कमाल १३० टक्के ठेवा. अक्षरांमधलं अंतर मात्र तिन्ही रकान्यांत शून्य. रोमनमध्ये तिथे एक-दोन टक्के दिले तर चालतं. देवनागरीत अक्षरं सुटी झाली की शिरोरेषा तुटते आणि ओळीभर बारीक फटी दिसतात. शीर्षकांनाही हाच नियम लागू आहे. शीर्षक रुंद हवं असेल तर पॉइंट वाढवा, ट्रॅकिंग (अक्षरांमध्ये जादा अंतर) देऊ नका. कंपोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ’ निवडा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. जुन्या फाँटच्या मजकुरात उलटी काळजी घ्यावी लागते. सॉफ्टवेअर तो मजकूर इंग्रजी समजतं, म्हणून हायफनेशन (शब्द आपोआप तोडणं) आणि टायपोग्राफर्स कोट्स (अवतरणचिन्हं आपोआप बदलणं) दोन्ही बंद करा. नाहीतर शब्दाच्या मधेच आडवी रेघ येते आणि काही अक्षरं बदलूनच जातात.

ओळी समोरासमोर का येत नाहीत

याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात.

पहिलं कारण टेक्स्ट फ्रेमच्या पहिल्या ओळीत असतं. टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये बेसलाइन ऑप्शन्स उघडा. तिथे पहिल्या ओळीचं ऑफसेट मुळात ‘असेंट’वर असतं, म्हणजे फाँटच्या सर्वांत उंच भागाएवढी जागा वर सुटते. देवनागरी फाँटमध्ये हा भाग खूप उंच ठेवलेला असतो आणि प्रत्येक फाँटचा वेगळा असतो. मग एका फ्रेममध्ये लेख आणि शेजारच्या फ्रेममध्ये दुसऱ्या फाँटची चौकट असली, की पहिल्या ओळीपासूनच फरक पडतो. तिथे ‘लीडिंग’ निवडा, म्हणजे पहिली ओळ फ्रेमच्या काठापासून बरोबर १६ पॉइंटांवर बसेल. ऑब्जेक्ट स्टाइल करून ठेवा, प्रत्येक फ्रेमला हाताने लावत बसू नका.

दुसरं कारण शीर्षक-उपशीर्षकांच्या आजूबाजूची जागा. बेसलाइन म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती रेषा. प्रेफरन्सेसमध्ये ग्रिड्सखाली बेसलाइन ग्रिडची सुरुवात वरच्या मार्जिनपासून ०, आणि अंतर १६ पॉइंट द्या. मुख्य मजकुराच्या स्टाइलला ‘अलाइन टु बेसलाइन ग्रिड’ लावा. इथपर्यंत बरेच जण करतात आणि मग उपशीर्षकाखालची जागा कधी जास्त, कधी कमी दिसते म्हणून वैतागतात. कारण असं: उपशीर्षक आणि त्याच्या वर-खालची जागा मिळून ३७ पॉइंट झाले, तर पुढची मजकुराची ओळ ३२वर बसू शकत नाही. ती थेट ४८वर उडी मारते. म्हणून बेरीज नेहमी १६च्या पटीत आणा.

आकड्यांत सांगायचं तर उपशीर्षक १३ पॉइंट, लीडिंग १६, वर ११, खाली ५. बेरीज ३२, दोन ओळी. मोठं शीर्षक १८ पॉइंट, लीडिंग २४, वर १६, खाली ८. बेरीज ४८, तीन ओळी. तेच शीर्षक दोन ओळींचं झालं तर त्याची एक वेगळी स्टाइल करा: २४ + २४, वर ११, खाली ५, बेरीज ६४. शीर्षकांच्या स्टाइलला बेसलाइनचं कुलूप लावू नका. लावलंत तर २४ लीडिंगची दुसरी ओळ ३२वर जाईल आणि शीर्षकाचे दोन तुकडे वेगळे दिसतील.

वरची जागा खालच्या जागेच्या निदान दुप्पट आहे, हे लक्षात आलं असेल. उपशीर्षक खालच्या मजकुराचं असतं, वरच्या परिच्छेदाचं नसतं, आणि हे डोळ्याला फक्त अंतरावरून कळतं. वर-खाली समान जागा दिली की ते दोघांचंही वाटत नाही, मधेच लोंबकळतं. तुम्ही पाठवलेल्या पानात तेच झालं आहे. तिथे ठळकपणा वाढवून काही होणार नाही, जागा सरकवा.

परिच्छेद वेगळा दाखवायला एक तर पहिली ओळ १६ पॉइंट आत घ्या, नाहीतर मध्ये एक पूर्ण ओळ सोडा. दोन्ही एकदम नको. अर्धी ओळ सोडण्याची सवय फार आहे. तिच्यामुळे दर परिच्छेदाला ग्रिड आठ पॉइंटांनी चुकतं. शीर्षकाच्या लगेच खालचा परिच्छेद आत घेऊ नका.

फोटोओळ ९ पॉइंटांवर १२ लीडिंगने घ्या. तिच्या चार ओळी म्हणजे मजकुराच्या तीन, त्यामुळे लांब फोटोओळीनंतरही घडी जुळते.

आता तुम्हाला वाटेल, एवढा काटेकोरपणा कशाला, वाचणारा पट्टी घेऊन थोडाच बसतो? ७० जीएसएमच्या कागदात मागच्या पानाची छपाई पुढे झिरपलेली दिसते. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर बसल्या तर ती झिरपण शाईखाली दडते आणि ओळींमधली पांढरी जागा पांढरी राहते. ओळी चुकल्या तर बरोबर त्या पांढऱ्या जागेत राखाडी पट्टे येतात आणि पान मळकट दिसतं. ‘छपाई खराब झाली’ अशी तक्रार होते तेव्हा पुष्कळदा मूळ दोष मांडणीत असतो.

फोटो कुठे सुरू होतो

फोटो उपरा वाटतो त्याचं कारण त्याची वरची कड. खालची कड बेसलाइनवर बसवली की जुळते, हे सगळ्यांना जमतं. वरची कड मात्र लोक बेसलाइनवर किंवा फ्रेमच्या काठावर ठेवतात. मराठी वाचकाचा डोळा ओळ शिरोरेषेवरून धरतो. म्हणून फोटोची वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळली पाहिजे, तिच्या वरच्या वेलांट्या-मात्रांशी नाही.

शिरोरेषा बेसलाइनपासून किती वर आहे ते तुमच्या फाँटमध्ये मोजा. पान खूप मोठं करून एक गाइड शिरोरेषेच्या वरच्या कडेवर ठेवा आणि बेसलाइनपासूनचं अंतर वाचा. साडेअकरा पॉइंटांना ते आठच्या आसपास निघेल. आठ धरलं तर फोटोची उंची अशी काढायची: ओळींच्या संख्येतून एक वजा करा, १६ने गुणा, ८ मिळवा. ११ ओळींचा फोटो म्हणजे १६८ पॉइंट. ५ ओळींचा ७२. १७ ओळींचा २६४. त्यानंतर एक पूर्ण ओळ मोकळी आणि पुढे मजकूर. फोटोच्या खालच्या कडेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत २४ पॉइंट राहतात. मात्रा आणि रफार त्यातले काही खातात, म्हणून डोळ्याला ती जागा १८च्या गटराएवढीच वाटते. चारी बाजूंची जागा सारखी दिसण्याचं गणित हे आहे. सगळीकडे मोजून १८ ठेवले, तर वरची-खालची जागा चेपल्यासारखी दिसते.

सहा कॉलम आणि सहा पट्ट्यांच्या या ग्रिडचा एक मोठा फायदा पदाधिकाऱ्यांच्या पानावर होतो. स्मरणिकेत ते पान टाळता येत नाही आणि बहुधा तेच सगळ्यांत विस्कटलेलं असतं. एक कॉलम रुंद आणि पाच ओळी उंच अशी चौकट ५६ बाय ७२ पॉइंटांची होते. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. दोन्हींचं प्रमाण ७ : ९, तंतोतंत एकच. म्हणजे फोटो न कापता, न ताणता बसतो. फोटोला एक कॉलम आणि नाव-पदाला शेजारचे दोन कॉलम दिले, की आडवे दोन आणि उभे सहा असे एका पानावर बारा जण येतात. नावाची पहिली ओळ फोटोच्या वरच्या कडेशी, शिरोरेषेने जुळवा. अध्यक्षांचा फोटो मोठा हवा असेल तर दोन कॉलम रुंद आणि ११ ओळी उंच घ्या. १३० बाय १६८ होतात, तेही प्रमाण जवळजवळ पासपोर्टचंच. आणखी एक गोष्ट: सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणि चेहरे साधारण एका आकाराचे करून घ्या. चौकटी सारख्या असूनही कोणी कमरेपासून, कोणी गळ्यापासून असेल तर रांग वाकडीच दिसते.

व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो या छोट्या चौकटीला पुरतो. पूर्ण पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २१७५ बाय २८५० पिक्सेल लागतात, म्हणून मोठ्या फोटोंची मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

सांगलीच्या आयर्विन पुलाचा आडवा फोटो तुम्ही दोन समोरासमोरच्या पानांवर पसरवला आहे. परफेक्ट बाइंडिंगमध्ये मधले दहा-बारा मिलिमीटर सांध्यात जातील आणि पुलाची एक कमान अर्धी दिसेल. शिवाय ती दोन पानं वेगवेगळ्या फॉर्मवर (एकदम छापल्या जाणाऱ्या मोठ्या शीटवर) गेली तर शाईतही फरक पडू शकतो. त्यापेक्षा एका पानावर पूर्ण रुंदीत, तीन पट्ट्यांपैकी वरच्या पट्टीच्या ११ ओळींत घ्या. ४२६ बाय १६८ हे प्रमाण पुलाला शोभेल आणि खालच्या दोन पट्ट्या महापुरांवरच्या लेखाला मिळतील.

जाहिराती आणि चौकटी

जाहिरातींची मापं ग्रिड ठरल्यावर दरपत्रकात छापायची असतात. तुमच्याकडे ती आधीच तोंडी ठरली आहेत, तरी अजून बदलता येतील. या ग्रिडवर आतलं पूर्ण पान १५० बाय १९५ मिलिमीटर, अर्धं पान आडवं १५० बाय ९३, पाव पान ७२ बाय ९३. कडेपर्यंत जाणारं पूर्ण पान १८४ बाय २४१, आणि त्याला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापात जाणारी जादा छपाई), म्हणजे फाइल १९० बाय २४७. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, मिरजेतले दवाखाने, तंतुवाद्यांची दुकानं, सगळ्यांना हीच मापं लेखी द्या. तरीही वेगळ्या मापाची जाहिरात येणारच. ती ताणून बसवू नका. प्रमाण राखून लहान करा आणि ग्रिडच्या चौकटीत पांढरी जागा सोडून मधोमध ठेवा. ताणलेली अक्षरं पाहून जाहिरातदाराला वाईट वाटतं आणि त्याचं ते बरोबरच असतं.

एकाच पानावर लेख आणि जाहिरात असेल तर जाहिरात नेहमी खाली आणि पूर्ण रुंदीत ठेवा. लेखाच्या दोन कॉलमपैकी एकाच कॉलमच्या तळाला पाव पान ठेवलं, तर वाचणारा पहिल्या कॉलमवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतो. दोन पाव पानं शेजारी घेऊन अर्धं पान भरा.

रंगीत किंवा राखाडी चौकटीतल्या मजकुराच्या ओळी सरकतात, कारण आत जागा सोडायला आपण मजकूर आत ढकलतो. उलट करा. मजकूर ग्रिडवर जिथे आहे तिथेच ठेवा आणि चौकटीचा रंग बाहेर आठ पॉइंट वाढवा. गटर १८ आहे, शेजारच्या कॉलमपर्यंत अजून दहा राहतात. चौकट पानाच्या बाहेरच्या कडेला असेल तर तीच आठ पॉइंटांची वाढ मार्जिनमध्ये जाऊ द्या, काही बिघडत नाही.

कविता मधोमध जस्टिफाय करून लावू नका. प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू झाली की छंद डोळ्याला दिसत नाही. सगळ्या ओळी डावीकडून दुसऱ्या कॉलमच्या काठावर सुरू करा, कडव्यांमध्ये पूर्ण एक ओळ सोडा आणि उजवीकडची जागा रिकामी राहू द्या.

गच्चपणा

पान गच्च दिसतं ते मजकूर जास्त असल्यामुळेच असतं असं नाही. तुमच्या नमुन्यात मोकळी जागा आहे, पण ती सगळीकडे थोडी थोडी वाटली गेली आहे: शीर्षकाखाली थोडी, फोटोभोवती थोडी, परिच्छेदांमध्ये थोडी. ती एकत्र करा. प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर वरची पहिली पट्टी, म्हणजे पाच ओळी आणि खालची एक, पूर्ण रिकामी सोडा आणि शीर्षक सातव्या ओळीपासून सुरू करा. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या नाटकावरचा तुमचा मुख्य लेख आहे, त्याला दोन पट्ट्या द्या, तेवढा मान त्याला हवा. ९६ पानांत असे वीस लेख असले तर वरची जागा मिळून चार पानंसुद्धा भरत नाहीत. परिच्छेदांमधल्या अर्ध्या-अर्ध्या ओळी काढल्यात की बहुतेक तेवढी जागा परत मिळते.

पृष्ठांक मजकुराच्या शेवटच्या बेसलाइनखाली दोन ओळींवर, बाहेरच्या बाजूला ठेवा. तिथून कापाची कड ४० पॉइंट, म्हणजे १४ मिलिमीटर दूर राहते. कटिंगमध्ये एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. पृष्ठांक कडेपासून पाच मिलिमीटरवर असेल तर तो फरक लगेच डोळ्यांत भरतो. खर्च वाचवायला समितीने सेंटर पिन (घडीवर मधोमध पिना) करायचं ठरवलं, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. ९६ पानं म्हणजे एकात एक २४ घड्या, आणि मधली घडी दोनेक मिलिमीटर बाहेर सरकून कापली जाते. म्हणजे मधल्या पानांचं बाहेरचं मार्जिन तेवढं कमी होतं. तेव्हा बाहेर ४२ऐवजी ४८ घ्या आणि आत ४८ केलेत तरी चालेल, ४२६ तेच राहतात.

इंग्रजी शब्द देवनागरीच्या शेजारी मोठे दिसतात. त्यांना एक कॅरेक्टर स्टाइल देऊन ९० टक्क्यांच्या आसपास आणा. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नाही. लहान अक्षराला रंग थोडा जरी सरकला तरी कडेला सावली येते.

पहिल्या सोळा पानांचं मॅटर लागलं की थांबा. पुढे जाण्याआधी समोरासमोरची आणि पाठपोट अशी चार पानं एफोरवर शंभर टक्के मापात प्रिंट करा, ‘फिट टु पेज’ बंद ठेवून. पाठपोट दोन पानं कापाच्या खुणांवर जुळवून खिडकीच्या काचेवर धरा. ओळींवर ओळी बसतात का, फोटोच्या कडा मागच्या पानाच्या कडांशी जुळतात का, ते तिथे स्पष्ट दिसतं. जिथे चुकत असेल तिथे फ्रेम हाताने सरकवू नका. त्या पानावरच्या शीर्षकाची किंवा चौकटीची स्टाइल उघडा, वर-खालची बेरीज १६च्या पटीत आहे का ते तपासा आणि स्टाइलमध्येच दुरुस्त करा, म्हणजे उरलेल्या ऐंशी पानांतही ती दुरुस्ती जाईल. क्राउन १/४ला २० बाय ३० इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात, तुमची ९६ पानं बरोबर सहा फॉर्म होतात. म्हणून छापखान्याला पीडीएफ देताना पानं सुटी द्या, स्प्रेड करून नको. ३ मिलिमीटर ब्लीड आणि कापाच्या खुणा ठेवा. फॉर्म कसे लावायचे ते छापखान्याचे लोक त्यांच्या मशीनप्रमाणे बघतील.